हातातली सायकल

सायकल ही बसण्याची वस्तू आहे हे अख्ख्या नगर शहराला पटलं होतं. पटलं नव्हतं ते एकट्या आमच्या मामांना. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे तिसगावचे, नोकरी कचेरीत कारकुनाची. माझ्या आजोबांनी लग्नात जावयाला सायकल दिली आणि भर मांडवात "मला येत नाही" म्हणायची जावयाची छाती झाली नाही. तेव्हापासून बारा वर्षं मामा ती हातात धरून कचेरीत जात होते.

पण जात ते अगदी कायद्याने. दरसाल नगरपालिकेचा बिल्ला, दर रविवारी चेनला तेल. अंधारून आलं की दिवा लावून चालायचे, वळताना हात दाखवायचे आणि कापड बाजारात कुणी रेंगाळलं की घंटी वाजवायचे. "पंक्चर का, मामा?" असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असे. चढावर म्हणत, "चढ हाय." उतारावर, "ब्रेकचा काय भरवसा?" आणि सपाटीवर, "सपाटीला कशाला बसायचं?" यापुढे बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मॅट्रिकच्या वर्षी मी त्यांच्याकडेच राहायला होतो. पहिल्या पेपरच्या सकाळी आत्याने माझं हॉल तिकीट देवापुढे ठेवून त्याला कुंकू लावलं, माझ्या हातावर दही-साखर ठेवली, मी सगळ्यांच्या पाया पडून निघालो आणि तिकीट देवापाशीच राहिलं! शाळेच्या फाटकावर शिपाई म्हणाला, "तिकीट न्हाई तर आत न्हाई." पहिली घंटा झाली. वर्ष गेलं म्हणून मी रडायच्या बेतात होतो, तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला सायकलच्या घंटीचा कलकलाट ऐकू आला. मामा धोतर खोचून जिवाच्या आकांताने पळत येत होते. हातात अर्थातच सायकल होती.

पेपर सुटला तेव्हा ते लिंबाखाली सायकल धरून तसेच उभे होते. त्या दिवशी त्यांनी कचेरी बुडवली होती.

"मामा, सायकल घरी ठेवून पळाला असता तर लवकर पोचला असता की."

"येडा का काय? पायी आलो असतो तर येळ झाला असता."

मी हसलो नाही. सायकल हातात घेतली आणि म्हणालो, "बसा मागं." त्यांनी आधी चौकात डबलसीट पकडणारा पोलीस नाही ना ते पाहिलं, मग कॅरियरवर बसून दोन्ही मुठींनी माझा सदरा धरला. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "लई पळती रं ही!" बारा वर्षांत ते पहिल्यांदाच आपल्या सायकलवर बसले होते. माळीवाडा दिसू लागल्यावर मात्र त्यांनी मला थांबवलं.

"उतरू दे. हितनं फुडं वळखीची मान्सं हायेत."

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजोबांनी विचारलं, "जावईबापूंना सायकल उपयोगी पडती का रं?"

"ती नसती तर माझं वर्ष गेलं असतं," मी म्हणालो. आजोबांना फार बरं वाटलं. आता आजोबा नाहीत, मामाही नाहीत. पण मी तेव्हा खोटं बोललो, असं मला अजूनही वाटत नाही.