चोरखिसा

मुलींच्या होस्टेलमागच्या बोळात, सांगलीत, सुगराबी बावीस वर्षं कपडे शिवते. टेप तिला नावालाच लागते. बाई उंबरा ओलांडेस्तोवर तिची कंबर किती ते सुगराबीनं डोळ्यांनी मोजलेलं असतं. तरी वहीत तारीख घालून माप लिहायचं, ही शिस्त.

संयोगिता कडेगावची, बीएस्सीला आलेली. पहिल्या खेपेला आई शालूबाई सोबत होती. एस्टीत पर्स मारतात म्हणून पोरीनं पाचही कुर्त्यांना आतून चोरखिसा मागितला. सुगराबीला पोर शहाणी वाटली. खिसे तिनं असे बेमालूम बसवले, की कुर्ता उलटा केला तरी दिसू नयेत.

दिवाळीनंतर संयोगिता कुर्ते आवळायला घेऊन आली. "हिरॉईन व्हायचंय काय गं?" म्हणत सुगराबीनं दोन्ही बाजूंनी आत घेतलं. महिन्यानं पुन्हा तेच. या खेपेला पोरगी एका जागी ठरेना. बोलणं थांबेना, जबडा सारखा हलत होता. मेसच्या जेवणाला चव नाही, म्हणाली.

ती गेल्यावर कुर्ता उसवताना खिशातून नखाएवढी प्लास्टिकची पुडी मशीनवर पडली. आत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं काहीतरी. सुगराबी रोज पेपर वाचते. एमडी म्हणतात ती नशेची पावडर हीच, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुडी पुढ्यात ठेवली. संयोगिता आधी हसली, मग तिनं पाय धरले. जागून अभ्यास होतो, वर्गातल्या आणखी दोघी-तिघी घेतात, म्हणाली. "सोडते चाची. आईला तेवढं कळवू नका." सुगराबीनं तिच्यादेखत पाचही खिसे उसवले आणि शब्द दिला. शालूबाईचा नंबर वहीतच होता. तो तिनं लावला नाही.

फेब्रुवारीत पोर होस्टेलच्या जिन्यात पडली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, एवढंच घरी कळलं. तेव्हापासून मशीन थांबली की सुगराबीला वाटतं, दारात कुणीतरी माप द्यायला हात पसरून उभं आहे. ती मान वर करत नाही.

जूनमध्ये मात्र करावी लागली. दारात शालूबाई होती, पिशवीत तेच कुर्ते.

"गेल्याली कापडं ठिऊ न्हाईत म्हणत्यात. माझ्यानं टाकवंनात," ती म्हणाली. धाकटी शिवांजली आता याच कॉलेजला येणार, तिच्या मापाचे करून हवे होते. "आन् आतनं खिसा तेवढा ठिवा. थोरलीला हुता तसा."

सुगराबीनं एक कुर्ता उलटा केला. खिसा होता तिथं सुईची भोकं अजून रांगेनं दिसत होती.

"खिसा न्हाई शिवायची मी, ताई."

"का वं?"

सुगराबीनं दाराला कडी घातली, स्टूल पुढं ओढलं आणि सगळं सांगितलं. पुडी, हसणं, दिलेला शब्द. शालूबाई रडली नाही. मांडीवरच्या कुर्त्याची घडी ती पुन्हा पुन्हा घालत राहिली.

"कवापासनं म्हाईत हुतं तुमाला?"

सुगराबीनं मापाची वही उघडून तिच्यापुढं ठेवली. ऑगस्टात कंबर तीस. नोव्हेंबरात सत्तावीस. तिनं बोट ठेवलं ते त्याखालच्या ओळीवर. अकरा डिसेंबर, चोवीस.

शालूबाईनं बोटांच्या पेरांवर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस मोजायला सुरुवात केली.