मागचीचं उत्तर

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला खेटून धुलाईघर होतं, आणि त्या धुलाईघरात दोन सख्ख्या जावा कामाला होत्या. एका घरात दोन जावा नांदल्या की भांड्याला भांडं लागायचंच. या तर घरीही एकत्र आणि कामावरही एकत्र. महिन्याभरात एकीची वेणी दुसरीच्या हातात येणार, असं जाणत्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. बावीस वर्षं झाली, जाणते लोक निवृत्त होऊन घरी गेले, वेण्या जागच्या जागी राहिल्या.

त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, बस्स. थोरली उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडाची फटकळ. मोठ्या डॉक्टरांना तिनं एकदा तोंडावर सांगितलं होतं, ‘साहेब, पेशंट बरे होतील न होतील, पण तुमच्या कोटावरचा हा चहाचा डाग काही बरा व्हायचा नाही.’ धाकटी बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि बोलताना अडखळणारी. तिचा पहिला शब्दच सुटत नसे. तो सुटला की पुढचं सगळं सरळ यायचं, पण तो सुटेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणेपर्यंत बाईंनी तिची गैरहजेरी मांडलेली असे. लग्न होऊन आली तेव्हा चार महिने सासू डोक्याला हात लावून बसली होती, मुकी सून पदरात पडली म्हणून.

यातली मेख थोरलीनं ओळखली, तीही धुलाईघरात. तिथं इस्त्रीचा मोठा रूळ आहे. एका बाजूनं ओली चादर आत जाते, दुसऱ्या बाजूनं कोरडी, कडकडीत, हात भाजेल अशी बाहेर येते. ती दोघींनी चार कोपऱ्यांना धरायची, एक झटका द्यायचा, लांबीत दुमडायची, मग एकमेकींच्या दिशेनं चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, एकीनं खाली वाकून दुमड उचलायची, पुन्हा मागं जायचं. दिवसाला तीनशे चादरी. दोघींची पावलं जुळली नाहीत तर चादर तिरकी बसते, आणि तिरकी घडी मुकादम परत फेकतो. पहिले काही दिवस धाकटीची प्रत्येक घडी तिरकी येत होती. शेवटी थोरली म्हणाली, ‘थांब. असं जमायचं नाही. मी विचारते, तू उत्तर दे.’ आणि तिनं सूर लावला:

‘सांग गं सांग, डोंगर केवढा?’

हे गाणं थोरलीच्या आईचं. ती आणि तिच्या सोबतिणी डोंगरावरून मोळ्या घेऊन उतरायच्या. वाट एवढी अरुंद की एकीमागं एक चालायचं, आणि डोक्यावर मोळी असल्यानं पुढचीला मान वळवून मागं बघता येत नसे. म्हणून पुढची गाण्यात विचारायची आणि मागची गाण्यात उत्तर द्यायची. उत्तर आलं म्हणजे मागची आहे, पडली नाही, घसरली नाही. उत्तर आलं की पुढची चालायला लागायची. उत्तर नाही आलं तर ती जागच्या जागी थांबायची, अंधार पडला तरी थांबायची. नियमच तसा होता.

धाकटीला यातलं काही माहीत नव्हतं. पण थोरलीचा सूर संपला आणि तिच्या तोंडून न अडखळता, पाणी वाहावं तसं आलं, ‘चढला त्याला गुडघ्याएवढा!’

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. रुळातून चादरी येऊन खाली ढीग झाला, तरी बघत राहिल्या. मग थोरलीनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच खेकसली, ‘बघतेस काय? धर टोक!’

पुढं बावीस वर्षं तेच चाललं. ‘सांग गं सांग, ओझं केवढं?’ – ‘दोघींनी उचललं, मुठीएवढं!’ ‘सांग गं सांग, रात्र केवढी?’ – ‘दोन गोष्टी सांगू, सरेल तेवढी!’ थोरली रोज नवे प्रश्न काढायची, मुद्दाम अवघड काढायची, आणि धाकटी चार पावलं चालून कोपऱ्याला कोपरा लावेपर्यंत उत्तर तयार ठेवायची. मुकादमाच्या पोटाचा घेर केवढा, हेही एकदा विचारून झालं होतं. त्याचं उत्तर इथं सांगण्यासारखं नाही.

दवाखान्याच्या वायरमनला गिटारचं वेड. दिवे बदलायला आला असताना त्यानं हे ऐकलं आणि शिडीवरच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी विजेवरचं गिटार घेऊन हजर. बॉयलरवाला साबणाच्या पावडरीचं निळं पिंप पालथं घालून बडवायला लागला. हा मनुष्य एरवी दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन शिव्या असायच्या, पण हाताला काय ताल! गिटार झणाणलं, पिंप घुमलं आणि मोळीवाल्यांचं ते जुनं गाणं असं काही उसळून उठलं की सगळं धुलाईघर नाचायला लागलं.

‘याला फोक रॉक म्हणतात,’ वायरमन अभिमानानं म्हणाला.

‘म्हणू देत बापडे,’ थोरली म्हणाली. ‘आम्ही याला चादरीच्या घड्या म्हणतो.’

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या आतल्या चौकात चौघांचं गाणं व्हायचं. चारी बाजूंनी खिडक्या. त्यांत प्लॅस्टर घातलेले पाय, पट्ट्या बांधलेली डोकी, सलाइनचे खांब धरून उभी राहिलेली माणसं. थोरलीनं ‘डोंगर केवढा’ विचारलं की ज्यांना उठून बसवत नव्हतं तेसुद्धा गादीवर बोटांनी ताल धरायचे. एका म्हातारबुवांनी तर घरी सोडायचा दिवस शुक्रवारवरून शनिवारवर ढकलून घेतला होता. औषधानं किती बरे झाले आणि गाण्यानं किती, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आणि मग थोरली आजारी पडली. आधी खोकला, मग धाप, मग एक दिवस चादरीचा झटका देताना ती चादरीसकट खाली बसली. तिच्याच दवाखान्यात, तिनंच घडी घातलेल्या चादरीवर तिला झोपवलं. फुप्फुसात काय निघालं ते डॉक्टरांनी धाकटीच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं धाकटीला सांगितलं नाही, पण घरी येऊन तो दारातच चपला न काढता बसून राहिला, तेव्हा तिला कळलं.

महिनाभरानं थोरलीला तिसऱ्या मजल्यावर हलवलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी तिच्या वॉर्डातली आया मळक्या चादरींचं गाठोडं घेऊन धुलाईघरात आली आणि निरोप दिला, ‘ताईंनी सांगितलंय, आज गाणं झालंच पाहिजे. मी खिडकीत बसणार आहे.’

गाणं करायचं, पण सुरू कोण करणार? धाकटीनं आजवर एकही गाणं सुरू केलं नव्हतं. सकाळभर ती रुळापाशी मनातल्या मनात घोकत होती, सांग गं सांग, सांग गं सांग. मनात सगळं नीट येत होतं. दुपारी चौकात गेली. वायरमननं गिटार छेडलं, पिंप घुमलं. तिनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या काचांवर दुपारचं ऊन पडून नुसता लखलखाट होता, आतलं काही दिसत नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

‘स... स... स...’

वायरमननं एक फेरा जास्त वाजवला. मग आणखी एक. खिडक्यांतले लोक वाट बघत होते. कोणीतरी टाळ्या वाजवून धीर दिला, आणि त्या टाळ्यांनी तर होतं नव्हतं तेही गेलं. धाकटीनं हातातला माइक खाली ठेवला आणि ती मान खाली घालून आत निघून गेली. रुळापाशी ढीग पडला होता, त्यात तोंड खुपसून बसली. आयेच्या हाती तिनं चिठ्ठी पाठवली: घसा बसला आहे.

खरं तर तिनं त्याच संध्याकाळी वर जायला हवं होतं. ती गेली नाही. लाजेनं गेली नाही. रविवारी गेली नाही, सोमवारीही नाही, नवऱ्याला पाठवलं. ताई काय म्हणेल, याच्याच भीतीनं ती अर्धमेली झाली होती. बावीस वर्षांत ताईनं एकच गोष्ट मागितली आणि तीही आपल्याला देता आली नाही, हे तोंड कसं दाखवायचं?

मंगळवारी बोलावणं आलं. ती गेली तेव्हा थोरलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि बोलणं बंद झालं होतं. डोळे मात्र उघडे होते. ते धाकटीवर येऊन थांबले. धाकटी म्हणाली, ‘त... त...’ आणि पुढं काही येईना. थोरलीनं पांघरलेल्या चादरीचं टोक दोन बोटांत धरलं आणि हात जरा उचलला. रुळापाशी धरायची तसाच. धाकटीनं पायाकडचं टोक धरलं. दोघी तशाच राहिल्या, झटका न देता. बुधवारी सकाळी थोरली गेली.

तेरा-चौदा दिवसांनी धाकटी कामावर परतली. जोडीला नवी बाई दिली होती. बाई बिचारी चांगली होती, पण घड्या तिरक्या येत होत्या आणि मुकादम काही न बोलता ठेवून घेत होता. शनिवारी सकाळी तीच आया गाठोडं टाकायला आली, आणि टाकून रेंगाळली.

‘एक सांगू का, मावशी? तुमच्या ताईंचा गळा काय गोड होता हो! त्या शनिवारी एवढी धाप लागलेली, तरी खिडकीत बसून गायल्या.’

धाकटीच्या हातातली चादर थांबली.

‘खाली गिटार सुरू झालं तसं त्यांनीही सुरू केलं,’ आया म्हणाली. ‘मी म्हटलं, ताई, या मजल्यावरच्या काचा उघडत नाहीत, खाली कसं ऐकू जाणार? तर म्हणाल्या, तिला जातं. डोंगर केवढा म्हणाल्या आणि थांबल्या. ओझं केवढं म्हणाल्या आणि थांबल्या. मग एक नवंच काहीतरी म्हणाल्या, वाट केवढी असं. ते म्हणून जे थांबल्या, ते संध्याकाळपर्यंत काचेला कान लावून बसल्या होत्या. मी म्हटलं, झोपा आता. तर म्हणाल्या, थांब, मागची यायचीय अजून.’

धाकटीला आता उमगलं. ताईनं तिला गाणं सुरू करायला सांगितलंच नव्हतं. सुरुवात ती स्वतः करणार होती, नेहमीसारखी. तिला अडखळू देईल अशी ती होतीच कुठं? आपण खाली अडखळत होतो, ती वर वाट बघत होती, आणि मधे एक काच होती. आणि नंतर तीन दिवस तर काचही नव्हती, तेव्हा आपण लपून बसलो. हे ज्याचं त्यालाच माहीत असतं आणि ते जन्मभर पुरतं.

दुपारी ती वायरमनच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि गिटारकडे बोट दाखवलं.

वायरमन उठला. जरा चाचरत म्हणाला, ‘पण सुरुवात कोण करणार?’

‘झ... झ... झालीय,’ धाकटी म्हणाली.

चौकात माणसं खिडक्यांशी जमली. गिटार वाजलं, पिंप घुमलं. जिथं थोरलीची ओळ यायची तिथं धाकटी गप्प उभी राहिली, मान थोडी कलती करून. नुसता ठेका चालू राहिला. ती जागा संपली आणि तिनं खणखणीत आवाजात उत्तर दिलं, ‘चढला त्याला गुडघ्याएवढा!’ पुन्हा तेवढंच थांबली. ‘दोघींनी उचललं, मुठीएवढं!’ बॉयलरवाल्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हात थांबले नाहीत. नव्यानं दाखल झालेल्या पेशंटांना वाटलं, गाणं असंच असेल. ते ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागले. कोपऱ्यातल्या खिडकीत एक बाई हसली, तिच्या कडेवरचं पोर उड्या मारायला लागलं.

मग ती नवी जागा आली. ‘वाट केवढी’ची. याचं उत्तर धाकटीनं आधी ठरवलं नव्हतं. चार पावलं चालून कोपऱ्याला कोपरा लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते आलं.

‘दोघी चाललो, तेवढी!’

टाळ्यांनी चौक भरून गेला. वायरमननं गिटार चालूच ठेवलं, कारण धाकटी अजून मान कलती करून उभी होती. एक फेरा झाला, दुसरा झाला. पुढचा प्रश्न आला नाही. उत्तर मिळालं की पुढची चालायला लागते, नियमच तसा आहे.

‘जा, ताई,’ ती माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या वायरमननं ते ऐकलं. सुरुवातीचा शब्द होता आणि ती अडखळली नव्हती. तो खाली बसून वायरी गुंडाळायला लागला. धाकटी आत गेली. रुळातून चादर येत होती, नवी बाई दोन कोपरे धरून तिची वाट बघत होती.