बुजवलेल्या पाळीचा शॉट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. एका ज्योतिषाला मी भर पंगतीत थापाड्या म्हटलंय, आणि तो माझा सख्खा मेव्हणा होता… तेव्हा पुढचं वाचून ‘म्हातारा घसरला’ असं कुणी म्हणू नये. घडलं ते सांगतो. उत्तर असेल तर कळवा.

मी माहितीपट करायचो. विडी कामगार, कुष्ठरोग्यांची वस्ती, विहिरीवर चढू न दिलेली माणसं — हे माझे विषय. माझं लग्न उशिरा झालं ते उगाच नाही. माझा एकच नियम होता: कॅमेऱ्यासमोर काही मुद्दाम मांडायचं नाही, आहे ते दाखवायचं. या नियमाचा मला भारी माज होता.

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन काही वर्षं झाली होती. नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलाला लागून एक गाव — आज गोंदिया जिल्ह्यात येतं, तेव्हा भंडाऱ्यात होतं. वस्ती कोहळ्यांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेल्या लोकांची. गावाला मोठा तलाव होता. मालगुजार गेला, तलाव सरकारचा झाला, आणि सरकारचा म्हणजे कुणाचाच नाही. त्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, भोक पडलं होतं. पाळीखाली झोपड्यांची टोली होती. पावसाळ्यात पाळ फुटली तर टोली वाहून जाणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

ते भोक मला दाखवलं भागरथाबाईंनी. त्या टोलीतच राहायच्या. त्यांचे यजमान गावचे पाणकर होते — कुणाच्या धानाला कधी पाणी सोडायचं ते ठरवणारे. त्या भोकापायी ते पाटलापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांशी भांडले आणि आदल्या वर्षी तापानं गेले. इकडे भंडाऱ्याचे एक साहेब मला म्हणाले होते, अर्ज वाचून कंटाळलो, डोळ्यांनी दाखवा. मी बाईंना शब्द दिला, दाखवतो म्हणून.

भाड्याचा कॅमेरा घेऊन परत गेलो, तर पाळीवर आंब्याच्या पानांचं तोरण! गाव धुतल्या कपड्यांत उभं. आणि भोक… भोक गायब. चिखल आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबून, वरून शेणानं सारवून ठेवलेलं. बायकांनी त्यावर रांगोळीसुद्धा घातली होती.

मी पाटलांवर भडकलो. पाटील शांतपणे म्हणाले, “पावन्याले फाटकं धोतर दाखवतेत का जी?”

पहिल्या पावसात ते सारवण निघून जाणार हे त्यांनाही ठाऊक होतं. पण पाहुणा येतो म्हटल्यावर त्यांच्या हाताला राहवलं नाही. माझा चेहरा बघून ते म्हणाले, फोडून देतो मग, त्यात काय. कुदळही मागवली. तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं, आता फोडलं तर ते नाटक होईल, आणि मी खोटं दाखवत नाही. सत्य म्हणजे काय यावर छोटंसं भाषणही ठोकलं.

पाटलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे बुजवलं ते बी खोटं, आन फोडलं ते बी खोटं? मंग खरं कुठी ठेवलं तुमी?”

मी वळून कॅमेऱ्याकडे गेलो. फिल्मचा शेवटचा डबा उरला होता, कॅमेरा परत करायचा होता. धुतलेली माणसं घेतली, तोरण घेतलं, आणि शेवटी रागारागानं त्या सारवलेल्या जागेचा एक लांब शॉट घेतला. भर दुपार होती. फ्रेममध्ये चिटपाखरू नव्हतं. डोळा माझाच होता कॅमेऱ्याला, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. भागरथाबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

मुंबईच्या लॅबमध्ये प्रिंट पाहिली आणि मी खुर्चीतून उठलो. शेवटच्या शॉटमध्ये एक म्हातारा! अनवाणी, धोतर वर खोचलेलं, खांद्यावर कुदळ. खाली वाकून तो रांगोळी, शेण, चिखल सगळं उपसतो. पाण्याची धार सुटते. मग तो थेट कॅमेऱ्याकडे बघतो आणि हातानं खूण करतो — जवळ ये, नीट घे.

मी लॅबवाल्याला वाट्टेल ते बोललो, दुसऱ्याचं रीळ चिकटवलंस म्हणालो. त्यानं फिल्मच्या कडेला छापलेले नंबर दाखवले. सलग होते. सगळं माझंच रीळ.

प्रोजेक्टर आणि जनरेटर बैलगाडीत घालून गावात गेलो. पडदा म्हणून पाटलांनी स्वतःचं नवंकोरं धोतर शाळेच्या भिंतीला ताणलं. दिवेलागणीला सगळे जमले, स्वतःला बघून खिदळले. मग म्हातारा आला… आणि त्या कोऱ्या धोतरावर पाणी वाहायला लागलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “पाणकर होयेत.” पाटलांनी टोपी काढली.

भागरथाबाई उठून पडद्यापाशी गेल्या. नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, “मेल्यावर बी धोतर चिखलात भरवलंच ना तुमी.” आणि तिथंच बसून रडल्या. 

भंडाऱ्याच्या साहेबांनी फिल्म पाहिली आणि ते गंभीर झाले. हा माणूस कामसू दिसतो, म्हणाले, त्याचा जबाब घेऊ, घेऊन या. मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. मी म्हणालो, साहेब, ते आता गावात राहत नाहीत.

पावसाच्या आत पाळ दगडमातीनं पक्की झाली. टोली वाचली. ते दाखवायला मी पुन्हा कॅमेरा नेला, तर भागरथाबाई नवं लुगडं नेसून त्याच जागी उभ्या राहिल्या. का, ते मी विचारलं नाही. त्यांना फ्रेमच्या एका कडेला घेतलं आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवली. माझा नियम मोडला तो तेवढाच.

रीळ धुऊन आलं. जागा रिकामीच होती. पहिल्या वेळी कोण आलं, कसं आलं, मला अजूनही सांगता येत नाही. रीळ कितीदा उलटसुलट पाहिलं त्याला हिशेब नाही.

बाईंना पडद्यावर दाखवलं तेव्हा मला वाटलं, त्या खट्टू होतील. त्या पडद्याच्या जवळ गेल्या. मग म्हणाल्या, “काम झालं ना, बापू. बिनकामाचे कायले येतीन ते?”

आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाल्या, “पन जागा बराबर सोडली तुमी. तेवढीच लागे त्याइले.”