गुडघ्याची विचारपूस

माझ्या मामाच्या उजव्या खांद्याला एक खड्डा आहे. व्हॉल्व्हची चावी तिथे बसते. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा. जमिनीतल्या चौकोनी भोकात ती घालायची आणि दोन्ही हातांनी बावीस फेरे फिरवायची, की आमच्या वसाहतीला पाणी सुटतं. लहानपणी मी विचारलं होतं, एकवीस फेऱ्यांत सुटत नाही का? मामा म्हणाला, "सुटतं की. पण मग बाविसावा कुणी करायचा?"

पाणी कधी येणार हे टाकीलाच ठाऊक. कधी सकाळी सहाला, कधी अकराला, कधी भर दुपारी. म्हणून व्हॉल्व्ह सोडला की मामा चावी खांद्यावर टाकून वसाहतीत फिरायचा आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकावर ती तीनदा आपटायचा. एकोणतीस वर्षं, एक्केचाळीस फाटकं. चालायला वीस मिनिटं पुरतात, मामाला सव्वा तास लागायचा. उरलेला वेळ बोलण्यात. त्याने लग्न केलं नाही. आई म्हणते, "दादाला संसार कशाला हवा? एक्केचाळीस घरी चौकशी करून आल्यावर बेचाळिसाव्या घरी बोलायला उरणार काय?"

पण हल्ली लोकांच्या कानात इयरफोन असतात, काही जण कामावर असतात, आणि फाटकावरची ठकठक ऐकू आली नाही की बादल्या कोरड्या राहतात. वसाहतीच्या अध्यक्षबाई निवृत्त गणित शिक्षिका. त्यांनी तक्रारवहीतल्या नोंदी मोजल्या आणि मला बोलावलं. मला नुकतीच नोकरी लागली होती. दोन्ही जातींच्या फोनवर चालणारं एकच अ‍ॅप कसं लिहायचं, हे मी शिकले होते आणि ते कुणाला तरी दाखवायला माझे हात शिवशिवत होते. बाईंचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हटलं.

वाक्याचा उरलेला भाग असा होता : अ‍ॅप सुरू झाल्यावर सलग आठ दिवस एकही लेखी तक्रार आली नाही, तर मामाची नेमणूक टाकीवर. शेजारच्या वसाहतीचाही व्हॉल्व्ह तोच सोडेल आणि तिथूनच अ‍ॅपचं बटण दाबेल.

"फिरायची दगदग वाचेल तुमची," बाई मामाला म्हणाल्या.

टाकी वसाहतीबाहेर, माळावर आहे. तिथे एक खोली आहे, खोलीत एक खुर्ची आहे, आणि खुर्चीसमोर भिंत आहे.

मामाने चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पोरीचं पहिलं काम आहे," तो म्हणाला. "नीट होऊ दे."

मी त्याच्या फोनवर एक मोठं निळं बटण करून दिलं. त्याने दाबलं, माझ्या हातातला फोन वाजला : पाणी आलं.

"एवढंच?"

"एवढंच, मामा."

"मग दार कोण उघडतं?"

"कुणी नाही उघडत."

"त्यांना कळलं हे मला कसं कळणार?"

"सर्व्हर सांगतो ना, पोहोचलं म्हणून."

"पोहोचणं वेगळं, बाई," मामा म्हणाला आणि फोन पुसून खिशात ठेवला.

सूचना पाठवण्याआधी अ‍ॅप प्रत्येकाची परवानगी मागतं, हे कळल्यावर तर तो हादरलाच. एकोणतीस वर्षं आपण न विचारता फाटकं बडवली! दुसऱ्या दिवशी तो एक्केचाळीस ठिकाणी जाऊन विचारून आला, "मी वाजवलेलं चालतं ना?" तिघांनी विचार करून सांगतो म्हटलं.

त्याची एकच अट होती. सूचनेचा आवाज चावीचाच हवा. म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या मावशींच्या फाटकावर तो रेकॉर्ड केला. ठक, ठक, ठक. मग मामा सवयीने ओरडला, "पाणी आलं हो मावशी! गुडघा काय म्हणतोय?" आणि मावशींनी सवयीने उत्तर दिलं. डावा बरा आहे, उजवा जिन्यावर करकरतो, तेल लावलं तर उशीला डाग पडतात. गुडघ्याचं तेल उशीला कसं लागतं, हे मामानेही विचारलं नाही. सगळं मिळून एक मिनिट दहा सेकंद झाले. एका जातीचे फोन तीस सेकंदांहून लांब आवाज घेतच नाहीत, गुपचूप आपलं टिंग वाजवतात. मी मावशींचं उत्तर कापलं. गुडघ्याचा प्रश्नही कापणार होते, पण मामा म्हणाला, "तेवढं राहू दे. बरं वाटेल त्यांना."

पहिल्या दिवशी सकाळी सव्वासहाला मामाने बावीस फेरे फिरवले आणि बटण दाबलं. दोनशे साठ फोन एकदम विचारते झाले, गुडघा काय म्हणतोय? दोनशे साठ नळ एकदम उघडले. आणि पाणी कुणाकडेच आलं नाही. तळमजल्यावर करंगळीएवढी धार, पहिल्या मजल्यावर थेंब, त्यावर नुसती हवा. अध्यक्षबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या नळाने बराच वेळ सुस्कारे टाकले.

वहीत चौतीस तक्रारी. त्यांतल्या पाच पाण्याच्या नव्हत्या. एका बँक अधिकाऱ्याने लिहिलं होतं की दुपारी पुन्हा पाणी सुटलं तेव्हा समोर ग्राहक बसला होता. फोनने गुडघ्याचं विचारल्यावर त्या ग्राहकाने स्वतःच्या गुडघ्याची हकीकत सुरू केली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

मी आवाज बदलायला गेले. तेव्हा कळलं की दुसऱ्या जातीच्या फोनवर सूचनेचा आवाज एकदा ठरला की ठरला. अ‍ॅपमधला सूचनांचा वर्गच मोडून नवा करायचा, नाहीतर प्रत्येकाने अ‍ॅप काढून पुन्हा घालायचं. पण त्याहून मोठी अडचण पाण्याची होती. तिथे माझं शिक्षण संपलं.

मला वाटलं होतं, मामा सुटला. चौतीस तक्रारी झाल्यावर कोण पाठवतंय त्याला टाकीवर? पण तोच अध्यक्षबाईंसमोर उभा राहिला. "पोरीची चूक नाही. सगळ्यांना एकदम सांगायचं नसतं, हे मी तिला सांगायला विसरलो. दिवस पहिल्यापासून मोजा."

मग आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने मला फाटकांचा क्रम सांगितला. मी रस्त्याप्रमाणे नकाशा काढला होता, तो त्याने बाजूला सारला.

"पहिलं सात नंबर. बाळंतीण आहे. मग वरच्या मजल्यांवाली, त्यांच्याकडे पाणी चढायला वेळ लागतो. तळमजले शेवटी, त्यांना काय, कसंही येतं. नऊ नंबरला रात्रपाळीवाला आहे, त्याला आठच्या आत उठवायचं नाही."

"आणि प्रत्येक ठिकाणी किती थांबायचं?"

"सतरा नंबरला दोन मिनिटं, त्यांचा मुलगा परीक्षेला बसलाय. बावीसला अजिबात नाही, ते बोलत नाहीत माझ्याशी."

"का?"

"ते मलाही विचारायचंय. मावशींकडे चार मिनिटं लिही."

मी लिहिलं. सर्व्हरवर एक तक्ता तयार झाला : फाटक, क्रम, थांबण्याची मिनिटं, कारण. कारणांच्या रकान्यात बाळंतीण, परीक्षा, अबोला, गुडघा. जगात कुठल्या सर्व्हरला असलं काम पडलं असेल असं वाटत नाही. बटण दाबलं की तो सात नंबरला सूचना पाठवायचा, मग थांबायचा, मग पुढच्याला. मावशींच्या फाटकाशी येऊन चार मिनिटं गप्प उभा राहायचा आणि पुढे जायचा. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं. अध्यक्षबाईंनी माझी पाठ थोपटली.

एक दिवस गेला, दोन गेले. वही कोरी. मामा आता टाकीवरूनच बटण दाबत होता, सवय व्हावी म्हणून. पाचव्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. चावी दुसऱ्या खुर्चीवर. दुसरी खुर्ची त्याने घरून आणली होती.

"बाळंतीण माहेरी गेली का गं?"

"माहीत नाही."

"तक्त्यात अजून पहिली आहे ती." डबा उघडला तरी त्याने हात लावला नाही. "सतराच्या मुलाची परीक्षा संपली असेल."

सहावा, सातवा दिवसही कोरा गेला. मला अ‍ॅपचा अभिमान वाटत होता आणि मामाकडे बघवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी. आठव्या दिवशी संध्याकाळी समितीच्या खोलीत अध्यक्षबाईंनी वही उघडली, चष्मा लावला, आणि थांबल्या.

एक नोंद होती. कोपऱ्यावरच्या मावशींची. बाईंनी मोठ्याने वाचली.

"फोन रोज गुडघ्याचं विचारतो. मी रोज उत्तर देते. तो ऐकायला थांबत नाही. हे माणुसकीला धरून नाही. कृपया दुरुस्ती व्हावी."

खाली सही, तारीख.

"ही पाण्याची तक्रार नाही," समितीतले एक जण म्हणाले.

"नियमात पाण्याची असं लिहिलेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एकही लेखी तक्रार, एवढंच लिहिलंय. मीच लिहिलंय." त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, जणू गणित तपासत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय गं, ऐकायची सोय करता येते का अ‍ॅपमध्ये?"

येते. मायक्रोफोनची परवानगी मागायची, आवाज सर्व्हरवर पाठवायचा. दोन दिवसांचं काम. मी तोंड उघडलं. मामा दाराशी उभा होता, दोन्ही खांदे मोकळे.

"नाही येत," मी म्हटलं.

आता मामा पुन्हा फिरतो. व्हॉल्व्ह सोडतो, चावी खांद्यावर टाकतो, आणि ज्या फाटकाशी पोहोचतो त्याच्यापुरतं बटण दाबतो. घरी नसलेल्यांना फोन कळवतो, घरी असलेल्यांना मामा. तक्ता मी पुसून टाकला. आवाज मात्र तोच ठेवला, बदला असं पुन्हा कुणी म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी मीही त्याच्याबरोबर गेले होते. कोपऱ्यावर मावशी पायरीवर बसल्या होत्या, फोन मांडीवर. मामाने बटण दाबलं आणि चावी आपटली.

"पाणी आलं हो मावशी! गुडघा काय म्हणतोय?" मामा म्हणाला. मांडीवरून फोननेही तेच म्हटलं.

मावशींनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"एकेकाने विचारा रे," त्या म्हणाल्या, फोन उपडा ठेवला आणि डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली.