खंडेनवमीच्या तारा

मी काम काय करते, हे आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. "टायमिंग बघते" म्हटलं की ती विचारायची, "म्हणजे घड्याळं दुरुस्त करतेस का गं?" सत्तरच्या दशकात लोणावळ्यातल्या एका भाड्याच्या बंगल्यात आम्ही काहीजण प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा आकडेमोड करणारा भाग, बनवत होतो. एका चिपमध्ये मावणारा नव्हे. पाटाएवढ्या बोर्डावर छोट्या छोट्या चिपांच्या रांगा आणि मागे तारांचं जंजाळ. बोर्डावर घड्याळासारखा विजेचा ठोका सारखा पडत राहायचा. पुढचा ठोका पडायच्या आत प्रत्येक संदेश तारेतून जागेवर पोचायला हवा. तो पोचतो की नाही, हे बघणं माझं काम. मला ते मनापासून आवडायचं.

तारा जोडायला जवळच्या वलवण गावची एक मावशी होती. हात असा सफाईदार की बघत राहावं. नोकरी मात्र कच्ची. दसऱ्यानंतर मशीन विकत घेणारे पाहुणे ते बघून पसंत करून गेले की कायम करू, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. घरात कमावणारी ती एकटीच.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी जो तो आपलं यंत्र घासूनपुसून लख्ख करत होता. मी नेमकी रजेवर. मावशीने काय करावं? बेरजेच्या भागातल्या आडव्यातिडव्या तारा सोडवल्या, बोर्डाच्या कडेकडेने नेल्या आणि दोऱ्याने छान वेणीसारख्या गुंफल्या. साहेबांनी स्वतः झेंडू वाहिला आणि तोंडभरून कौतुकही केलं.

दसरा झाला आणि मशीन बेरजा चुकवायला लागलं. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार. साहेबांचा पारा चढला. "कुणी हात लावला होता याला?" असं म्हणत ते मावशीकडे बघायला लागले. झेंडू सोयीस्कर विसरले! माझं डोकंच फिरलं, पण आधी मशीन बघायला हवं होतं.

मी ठोका संथ केला. बेरजा बरोबर. पुन्हा वेग वाढवला, चूक. मावशीची एकही जोडणी चुकली नव्हती. कडेने वळसा घेतल्यामुळे तारा लांबल्या होत्या आणि आमचं वेळेचं गणित आधीच काठावरचं. संदेश उशिरा पोचत होते.

"मावशी, सोडा हे सगळं. सरळ जवळच्या वाटेने न्या."

"अवं ताई, पाव्हणं येनार अन् असं इस्कटल्यालं दावायचं? काडून टाकत्याल मला."

"बेरीज चुकली तर नक्की काढतील."

तिने वेणीचा दोरा कापायला घेतला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी त्या तारांना चिकटून होतो. प्रत्येक तार आडवी जाताना तिचा जीव तुटत होता. शेवटी बेरीज जुळली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी एकाने बोर्डाच्या मागे डोकावून विचारलं, "ही वायरिंग कोणी केली?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मावशीच पुढे झाली.

"म्या केलीया. आदी लय झ्याक गुंफली व्हती, तवा बेरीज चुकली. आता मुद्दाम इस्कटलीय."

पाहुणा खो खो हसला. "अशीच राहू द्या," म्हणाला.

त्याच आठवड्यात साहेबांनी तिला कायम केल्याचं सांगितलं. ती बंगल्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि डोळ्यांना पदर लावून मनसोक्त रडली. मीही तिच्या शेजारी जाऊन बसले.