लढून आलेलं विमान

थाटीपूरचे आमचे शेजारी लाकडाची छोटी लढाऊ विमानं करायचे. आरशासारखा रंग द्यायचे आणि मग स्वतःच त्याची वाट लावायचे. ब्लेडनं रंग खरवडायचा, इंजिनामागे दिव्याची काजळी फासायची! दसऱ्याला आजोबांच्या तलवारीशेजारी तसलं मळकं विमान पूजेला मांडायचे. मी वैतागलो की म्हणायचे, "देखिए, लढून आल्यासारखं दिसायला नको का?"

राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यांची कचेरी भोपाळला निघाली. दारात ट्रक उभा, वहिनी एकट्याच ट्रंका ओढतायत आणि हे पायरीवर बसून नव्या विमानाचा पंख घासतायत. म्हणे, वैमानिकाचा पाय इथं पडतो!

"अहो, उठा आता!" मी ओरडलोच.

उठले. विमान अलगद माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तुमच्याकडेच राहू द्या. प्रवासात खराब होईल."