मरळ निघेल एवढं तोंड

मला मासे धरता येतात असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. काटा घशात न अडकवता मासा खाणं एवढंच माझं या विषयातलं कर्तृत्व, आणि तेही बायकोच्या मते अर्धवटच. तरी घरात चार पाहुणे जमले की कुणीतरी म्हणतंच, "ते मरळीचं सांगा ना." म्हणजे हसायची तयारी आधीच झालेली असते. सांगताना दरवेळी मध्येच कुणीतरी माझं वाक्य पळवतं, म्हणून एकदा शांतपणे लिहून काढतो.

ऐंशी सालाच्या अलीकडे-पलीकडेच असेल. मी नाशिकजवळ सातपूरला एका कारखान्यात टर्नर होतो. लेथवर दिवसभर लोखंड कातायचं आणि संध्याकाळी बायकोला मिलिमीटरमध्ये बोलून वात आणायचा, असा माझा दिनक्रम. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सायखेड्याला गेली आणि तिथं आम्हाला मुलगी झाली. सातपूरला सुट्टी शनिवारी. दर शनिवारी सकाळी एस.टी. पकडायची, पोरीचं तोंड बघायचं आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं परत यायचं, कारण रविवारी पहिली पाळी.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा घरात काहीतरी बिनसलेलं होतं. पोर रडत होती आणि बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला दूध पुरेसं येत नव्हतं. जेवणावरची वासना उडाली होती, डिंकाचे लाडू डब्यात तसेच होते. सासूबाईंनी शेजारची शेळी बघून ठेवली होती, म्हणजे वरचं दूध सुरू करायचं. सासूबाईंचं काही चुकत नव्हतं, पण शेळीचं नाव निघालं की बायकोच्या डोळ्यांना धार लागायची. "मला जमलंच नाही असं होईल हो," ती हळूच म्हणाली. एवढंच. मी तिच्या पायावर हात ठेवून बसलो.

सासूबाईंच्या मते यावर एकच उपाय होता. मरळ. ओल्या बाळंतिणीला मरळीचा रस्सा दिला की अंगात ताकद येते आणि दूध उतरतं, त्यांच्या आईनं त्यांना दिला होता, आजीनं आईला. मरळीनं खरंच दूध येतं का ते मला ठाऊक नाही. सासूबाईंना ठाऊक होतं, आणि बायकोला आईचं ठाऊक असणं पुरेसं होतं. "मरळ असती तर खाल्लं असतं मी," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिनं खायचं नाव काढलं ते हे.

मी लगेच शूर झालो. पुढच्या शनिवारी नाशिकच्या बाजारातून मोठी मरळ घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. ऊन असं होतं की निम्म्या वाटेत शेजारचा माणूस दुसऱ्या बाकावर गेला. त्यानंतर त्याच्या मागचाही गेला. सासूबाईंनी फडकं उघडलं, पदर नाकाला लावला आणि तो ऐवज उकिरड्याच्या दिशेनं धाडला. तिकडचं मांजरसुद्धा जरा विचारात पडलं. "बाळंतिणीला जित्ती लागती," सासरे म्हणाले. "मी सांगणारच होतो." सासऱ्यांचं हे असं. काहीही झालं की ते आधी सांगणारच असायचे.

जित्ती मरळ गोदावरीत होती, त्यात वाद नव्हता. वाद पाणवेलींचा होता. त्या वर्षी सायखेड्याला नदीचं पाणी जिथं संथ पसरतं तिथं पाणवेलींचा हिरवा गालिचा काठापासून काठापर्यंत अंथरलेला. त्याच्या खाली मरळी सुखात. सासरे विळ्यानं वेली कापून भोक पाडायचे, पण गळ सोडेपर्यंत वाऱ्यानं वेली सरकायच्या आणि भोक बुजायचं. पूर्वी एवढ्या वेली कधी नव्हत्या, त्यामुळे भोक किती मोठं असावं हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. जो तो आपलं सांगायचा.

"पण भोक पायजेच," सासरे म्हणाले. "मरळ पाण्यातली आसली तरी दम घ्यायला वर येती. भोक दिसलं का तिथं येणार. आपला गळाला लावलेला बेडूक तिथंच आसला पायजे."

मला एकदम माझं काम दिसलं. भोक पाडायचं आणि ते उघडं ठेवायचं. म्हणजे पाइपाचा तुकडा, खालच्या कडेला दाते, वर धरायला मूठ. वेलींवर दाबून फिरवायचा, आतला गड्डा उपसून काढायचा, आणि पाइप तिथंच ठेवायचा, म्हणजे वेली सरकून आत येणार नाहीत. तो बुडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या, त्या वेलींवर टेकतील. प्रश्न राहिला फक्त मापाचा. आणि माप हा तर माझा प्रांत.

मी व्हर्नियर खिशात घालून नाशिकच्या मासळी बाजारात गेलो आणि टोपलीतल्या मरळींची जाडी मोजू लागलो. मासळीवाली जरा वेळ बघत राहिली.

"घेणार आहे का," ती म्हणाली, "का तिला ब्लाउज शिवणार आहे?"

आजूबाजूच्या सगळ्या टोपल्या हसल्या. मी घाईनं सर्वात जाड मरळीचं माप घेऊन निघालो. कारखान्यात शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, बुशच्या भोकात बसवताना थोडी मोकळीक ठेवतात, तशी मी मरळीलाही ठेवली. जरा जास्तच ठेवली, जिवंत प्राणी आहे म्हणून. तोंड साधारण तांब्याएवढं झालं. वेल्डरनं मूठ लावून दिली आणि मी ते यंत्र गोणपाटात गुंडाळून सायखेड्याला नेलं.

सासऱ्यांनी ते चारी बाजूंनी पाहिलं. "पाव्हणं, बोर मारायची हे का?"

पण यंत्र चाललं. वेली चरचर कापल्या गेल्या, काळ्या मुळांचा गड्डा वर आला आणि खाली गोल, काळं, स्वच्छ पाणी. मला इतका आनंद झाला की मी मासा विसरून त्या भोकाकडेच बघत राहिलो. सासऱ्यांनी बेडूक लावून गळ सोडला. बराच वेळ गेला. मग तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, एकदम ताठ झाला. सासऱ्यांनी हिसका दिला, खालून त्याहून मोठा हिसका आला, आणि भोकात मरळीचं डोकं दिसलं. सापासारखं, चपटं, रागावलेलं.

ती तेवढीच दिसली. माझ्या हिशेबात मरळ बुशमधून शाफ्ट यावा तशी सरळ वर येणार होती. खरी मरळ धनुष्यासारखी वाकली, आडवी झाली, आणि पाइपात अडकली. मी हात घालायला गेलो तर आत माझी चार बोटंसुद्धा जाईनात. ती एकदा गरकन फिरली, तंगूस मीच पाडलेल्या दात्यांवर घासला आणि तुटला.

सासऱ्यांनी तुटलेला तंगूस बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "काम पक्कं हे तुमचं. मरळीच्या वर यायच्या वाटंला झाकण झालं."

घरी आम्ही काय आणलं हे विचारायला कुणी दारात आलं नाही, आमच्या चालण्यावरूनच कळलं असावं. बायकोनं फक्त "असू द्या" म्हटलं. पोर तिच्या कुशीत चुळबुळत होती, थोडं प्यायची, सोडून द्यायची, रडायची. सासूबाई म्हणाल्या, "येत्या शनवारपस्तोर बघते. मंग शेळी." बायकोनं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचं माप सासऱ्यांचं. "घमेल्याएवढं करा. मरळ काय, म्हैस निघाली पायजे." मी लहान सायकलची रिम आणली, तिला पत्र्याची कड लावली आणि शनिवार सोडून मधल्याच एका दिवशी रजा टाकून गेलो. भोक पडलं ते प्रशस्त. त्यात आभाळ दिसत होतं, बाभळीची फांदी दिसत होती, आणि काठावर वाकलेली आमची दोघांची डोकी तर अगदी स्पष्ट. मरळीलाही ती दिसत असणार. कारण पलीकडे, वेलींच्या एका बारीक फटीतून, आम्हाला ऐकू येईल अशी ती वर आली, तोंड उघडून दम घेतला आणि खाली गेली. थोड्या वेळानं पुन्हा. आमच्या भोकाकडे फिरकली नाही.

"लय मोठं झालं," सासरे म्हणाले. "मी सांगणारच होतो."

"आबा, घमेलं तुम्हीच म्हणालात."

"मी घमेलं म्हणलो. तुम्ही आमच्या घरचं घमेलं बघितलंच नाय."

नदीवरून घरी आलो. बायको उठून बसली होती. तिच्या खोलीत धुरीचा वास आणि अर्धा अंधार. तिला हसू येत होतं की रडू, मला कळेना. मी तिला दोन्ही मापं सविस्तर सांगितली, मोकळीक म्हणजे काय, आभाळ किती दिसलं, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मासा वर आला की तुम्ही धरता कशानं?"

"हातानं."

"मग हाताचं माप घेतलंय का?"

मी तळवे उलटेपालटे करून बघितले. तिनं सांगितलं, लहानपणी पाटाच्या पाण्यात मरळ घावली की त्या बहिणी बहिणी दोन्ही हातांनी कल्ल्यांमागे आवळून धरायच्या, गळावर भरवसा ठेवायचा नाही, जबडा फाटून निसटते. "दोन हात आणि मधी मासा. तेवढंच तोंड. जास्त नको, ती लाजते."

"पण मधी मासा म्हणजे नेमकं किती?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी लेथचं तोंड बंद केलं. मग तिनं पोरीला उचललं. मी तोवर पोरीला उशीवर ठेवूनच घ्यायचो, ते मऊ गाठोडं माझ्या तेलकट हातांतून सुटेल अशी धास्ती असायची. "हात करा," ती म्हणाली. मी दोन्ही तळवे पुढं केले. तिनं पोर त्यांच्यामध्ये दिली, बगलांखाली, आणि माझी बोटं एकेक करून मागे वळवून ठेवली. पोर रडायची थांबून माझ्याकडे बघू लागली. बायकोनं वेणीची लाल रिबन सोडली, माझ्या हातांभोवती आणि पोरीभोवती एक वेढा घेतला आणि गाठ मारली.

"एवढं."

दुसऱ्या दिवशी वेल्डरनं विचारलं, "ड्रॉइंग कुठंय?" मी रिबनीचा वेढा टेबलावर ठेवला. त्यानं तो बोटावर घेऊन बघितला. त्याला स्वतःला तीन पोरी. "कुणाचं माप आहे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्या खेपेला त्यानं वरची कड कानशीनं घासून गुळगुळीत करून दिली, हाताला लागू नये म्हणून. तोंड साधारण जेवणाच्या ताटलीएवढं भरलं.

शनिवारी सकाळी सासूबाई शेळीवालीकडे निरोप पाठवायच्या बेतात होत्या. सासरे आणि मी नदीवर. भोक पाडलं आणि यावेळी दोघंही मागे सरून बाभळीखाली बसलो, बिडीसुद्धा पेटवली नाही. ऊन चढलं. तंगूस हलला तेव्हा सासऱ्यांनी हिसका दिला नाही, नुसता ताण धरला, आणि मी गुडघ्यांवर सरकत काठाशी गेलो. डोकं वर आलं. मी दोन्ही हात घातले. कोपरापर्यंत गार पाणी, आणि मध्ये एक जाड, बुळबुळीत, संतापलेला जीव. तो वाकला, आडवा झाला, पण यावेळी माझी बोटं त्याच्या मागे पोचली होती. मी आवळून धरलं आणि मागच्या मागे चिखलात बसलो, मरळ छातीवर.

"सोडू नका," सासरे म्हणत होते. "पाव्हणं, सोडू नका."

मी सोडणार नव्हतो. बादलीत टाकल्यावरही माझे हात बराच वेळ तसेच राहिले होते.

सासूबाईंनी राख चोळून मरळ घट्ट धरली, कापली, आणि लसूण-मिऱ्यांचा पातळ रस्सा केला, तिखट नावाला. बायकोनं आधी वास घेतला. मग वाटी तोंडाला लावली. मग भाकरी मागितली. मग, ताटात काटे तेवढे उरल्यावर, "अजून आहे का?" सासूबाई चुलीकडे वळल्या आणि उगाच फुंकणी घेऊन बसल्या. आमच्या वाट्याला ठेचा-भाकरी आली. कुणी तक्रार केली नाही.

दुपारी पोर पाजायला घेतली. बराच वेळ रडण्याचा आवाज आला नाही. मी खोलीत पाय न वाजवता गेलो आणि कोपऱ्यात टेकलो. पोर गटागटा पीत होती, मध्येच दम खाऊन पुन्हा पीत होती. मग तिची मान सैल झाली आणि ती झोपली. तिच्यावर हात ठेवून बायकोही झोपली. अशी गाढ की ओठ उघडे राहिले.

त्या खोलीचं दार पत्र्याचं, मी आलो तेव्हा उघडं, मग पोर पीत असतानाच सासूबाईंनी वारा लागू नये म्हणून लावून घेतलेलं. उघडलं की अख्खी आळी जागी व्हायची. संध्याकाळ झाली. स्टँडवर शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. खिडकीच्या गजांत सासऱ्यांचा चेहरा आला. "पाव्हणं," ते कुजबुजले, "गाडी. थांबवून धरली म्या."

मी दाराकडे बघितलं, मग खाटेकडे. मग नाही म्हणून मान हलवली. पहिली पाळी डोळ्यांसमोर होती, फोरमनही होता. सासरे क्षणभर थांबले, माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि काहीही न सांगता निघून गेले. थोड्या वेळानं गाडी पुलाकडे गेल्याचा आवाज आला. खाटेवर कुणी कूससुद्धा बदलली नाही.